सहापैकी सहा

सोमवारी सकाळच्या टपालातून आलेले पत्र बिल्डिंगकाकांनी तीन वेळा वाचले. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा चष्मा लावून आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून. मजकूर तिन्ही वेळा तोच होता. हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या कार्यालयाने कळवले होते की, कमी धुराच्या वाहनांना प्रोत्साहन देण्यात आपली इमारत सबंध शहरात पहिली आली आहे आणि हे आपण कसे साधले याचा अभ्यास करण्यासाठी आमच्या तपासनीस बाई गुरुवारी दहा वाजता येत आहेत.

काका खुर्चीत बसले. तसे ते आधीच बसलेले होते, पण आता पुरते बसले.

बिल्डिंगकाका हे काही त्यांचे नाव नव्हे. चार मजली ऑफिसची देखभाल त्यांच्याकडे होती, म्हणून सगळे त्यांना तसे म्हणत. नळ गळला, दिवा गेला, लिफ्ट अडकली, खिडकीतून कबूतर आत शिरले की हाक काकांना. या नोकरीत त्यांना एकोणीस वर्षे झाली होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि उजव्या गुडघ्याने ती आधीच घेतली होती.

चार वर्षांपूर्वी ऑफिस हरित झाले. दाराजवळ पितळी पाटी लागली आणि दाराला सर्वांत जवळच्या सहा पार्किंगच्या जागा हिरव्या रंगाने रंगवून विजेवरच्या वाहनांसाठी राखून ठेवल्या गेल्या. उद्घाटनाच्या दिवशी एका शोरूममधून सहा विजेच्या गाड्या फोटोपुरत्या आणल्या होत्या. त्या दिवशी काकांनी महिन्याच्या तक्त्यात ‘हिरव्या जागांचा वापर’ या रकान्यात अगदी इमानदारीने लिहिले, ‘सहापैकी सहा’. संध्याकाळी गाड्या परत गेल्या, तक्ता मात्र राहिला. पुढच्या महिन्यात काकांनी तोच तक्ता काढला, तारीख बदलली आणि पाठवून दिला. ऑफिसातले सगळेच तक्ते असे जात. जिन्यातली आग विझवायची नळकांडी दर महिन्याला तपासली जात, तीही याच पद्धतीने. अठ्ठेचाळीस महिने सहापैकी सहा गेले आणि अठ्ठेचाळीस महिने ते कोणी वाचले नाही. पण कुठल्या तरी कार्यालयात एक दिवस नवा माणूस येतो, त्याला अजून काम दिलेले नसते, तो जुने तक्ते काढून वाचतो, आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी कार्यालयात एक म्हातारा होत आलेला माणूस चष्मा पुसत बसतो.

प्रत्यक्षात नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार होता. पहिल्या दोन हिरव्या जागांवर मोठ्या साहेबांची डिझेलची गाडी रोज तिरकी उभी असे. तिसरीत मोडक्या खुर्च्या होत्या, चौथीत वाळलेल्या कुंड्या आणि पाचवीत पाण्याचे रिकामे जार. सहाव्या जागेत रखवालदाराने चहाची विजेची किटली मांडली होती, कारण चार्जिंगचे तीन खांब तिथेच होते आणि तिन्हींपैकी एकात वीज होती.

पत्र घेऊन काका साहेबांकडे गेले. साहेबांनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला.

“काका, शहरात पहिले आलो आपण. आणि मला पत्ताच नाही.”

“मलाही नव्हता, साहेब.”

“या सहा गाड्या कोणाकोणाच्या?”

काकांनी खिडकीतून खाली पाहिले. साहेबांनीही पाहिले.

“पहिल्या दोन जागांत आपलीच असते,” काका म्हणाले.

“ती डिझेलची आहे.”

“हो.”

साहेबांनी पुन्हा एकदा वाकून खाली पाहिले. मग म्हणाले, “पण तिथे ती नुसती उभी असते. उभ्या गाडीतून धूर निघतो का?”

 काकांनी तक्त्यांची फाइल टेबलावर ठेवली. प्रत्येक तक्त्याखाली साहेबांची सही होती, मोठी आणि ऐसपैस. साहेबांनी दहा-बारा पाने उलटली. दोघांचेही हात एकाच दगडाखाली आहेत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि एकदम त्यांचा आवाज मऊ झाला.

“काका, तुमचा तो बसचा अर्ज माझ्याकडेच आहे ना?”

अर्ज आठ महिने साहेबांच्याच खणात होता. काका घरून दोन बस बदलून येत आणि शेवटी पंधरा मिनिटे चालत. परतीला मात्र एक थेट बस होती. ती ऑफिसच्या फाटकासमोरूनच सुटे आणि काकांच्या घराच्या कोपऱ्यावर थांबे. इथूनच निघत असल्यामुळे ती रिकामी असे, खिडकीची जागा मिळे, पाय लांब करता येई. पण ती सुटे पाच वाजून दहा मिनिटांनी आणि ऑफिस सुटे साडेपाचला. रोज पाच दहाला काका तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ती रिकामी बस जाताना बघत. सकाळी ते अर्धा तास लवकर येतच होते. तेवढाच अर्धा तास संध्याकाळी लवकर सोडावे, एवढीच त्यांची विनंती होती. साहेबांचे म्हणणे असे की, एकाला दिले की सगळे मागतील.

“गुरुवार नीट पार पाडा,” साहेब म्हणाले. “मग बघू तुमचं.”

‘बघू’ या शब्दावर काकांनी एकोणीस वर्षे काढली होती. पण चौदा महिने रोज खिडकीची जागा मिळणार असेल, तर माणूस आणखी एक ‘बघू’ सहन करतो.

संध्याकाळी दोन बस बदलून घरी पोचल्यावर त्यांनी बायकोला सगळे सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“त्यात काय एवढं?” ती म्हणाली. “माझ्या भावाची गाडी आहे की विजेची.”

“तेच तर.”

“तेच तर म्हणजे?”

 मेहुण्याने गाडी घेतल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून तो दुसऱ्या विषयावर बोललेला नव्हता. मागच्या खेपेला त्याने सगळ्या घराला रस्त्यावर नेऊन गाडीभोवती उभे केले होते. “ऐका,” तो म्हणाला होता. “काही ऐकू येतंय? नाही ना? तीच तर मजा आहे.” काही ऐकू न येण्यासाठी काका दहा मिनिटे एका पायावर उभे होते.

बायकोने फोन लावून दिला. मेहुणा तयारच होता. “भाऊजी, गाडी देईन, पण बरोबर मी पण येणार. त्या बाईंना नीट समजावून सांगणारं कोणीतरी पाहिजे.” काकांनी हो म्हटले.

एक झाली. पुढचे दोन दिवस काका उरलेल्या पाचांच्या मागे हिंडले. जवळच्या लॉन्ड्रीचा तीन चाकी विजेचा टेम्पो मिळाला, पण मालाची वेळ असल्यामुळे चादरींच्या गाठोड्यांसकट. हिशेब विभागातल्या बाईंकडे विजेची स्कूटर होती. ती चोरीला जाईल म्हणून त्या ती कधीच बाहेर काढत नसत आणि नवऱ्याच्या गाडीतून ऑफिसला येत. खूप विनवण्या केल्यावर त्या तयार झाल्या. त्यांच्याच सासूबाईंची बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्चीही होती. तिला काय वाहन म्हणायचे नाही? पण सासूबाईंनी निरोप पाठवला की, खुर्ची जाईल तिथे मी जाईन. पाचवे वाहन सार्वजनिक बागेतून मिळाले. ते मुलांना चक्कर मारून आणायचे बॅटरीचे वाहन होते आणि त्याचा आकार बदकाचा होता. मागे घेताना ते गाणे वाजवी. चालक म्हणाला, “सकाळी बाग बंदच असते, काका. नेऊ कुठंही.” एवढ्या सहज तो कसा तयार झाला, हे काकांनी तेव्हा विचारायला हवे होते.

सहावे काही केल्या मिळेना. बुधवारी दुपारी साहेबांनी स्वतःच तोड काढली. आपल्या डिझेलच्या गाडीवर मागे-पुढे हिरव्या पानाचे स्टिकर चिकटवायचे आणि ती सहाव्या जागेत सरळ उभी करायची.

“फक्त एक, काका. काही झालं तरी ती सुरू करायची नाही.”

राहिले चार्जिंगचे खांब. वायरमनने ते उघडून पाहिले आणि तोंडात बोटे घातली. दोन खांबांना मागे वायरच नव्हती. “आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” तो म्हणाला. तरी त्याने तळमजल्याच्या लाइनवरून जोड देऊन तिन्ही खांब जिवंत केले आणि काकांना बाजूला घेतले.

“एका वेळी एक लावा. अगदीच नड आली तर दोन. तिसरं लावलंत, तर मला फोन करू नका.”

काकांनी हे रखवालदाराला सांगितले. रखवालदाराने मान डोलावली आणि किटली काढून घेतली. त्या दिवशी खरा त्याग त्यानेच केला.

गुरुवारी नऊपर्यंत कुंड्या, खुर्च्या आणि जार गच्चीवर गेले होते. काकांनी ते स्वतः उभे राहून वर पाठवले होते आणि त्यांचा गुडघा आता त्या मोडक्या खुर्च्यांसारखाच करकरत होता. सहा वाहने हिरव्या जागांत ओळीने उभी राहिली. लांबून दृश्य बरे दिसत होते. जवळून बदक दिसत होते.

मेहुणा पोचला तोच मान खाली घालून.

“भाऊजी, आठ टक्के उरलीय. येताना एसी जरा जास्त लावला. आधी खांबाला लावू दे, नाहीतर मी इथंच राहतो.”

ही धमकी काकांना सोसण्यासारखी नव्हती. त्यांनी पहिला खांब दिला. लॉन्ड्रीवाल्याला अजून तीन हॉटेलांत चादरी टाकायच्या होत्या, त्याला दुसरा दिला. सासूबाई चाकाच्या खुर्चीत पाचव्या जागेच्या मधोमध बसल्या होत्या, मांडीवर पाण्याची बाटली आणि डोळ्यांवर उन्हाचा चष्मा. त्यांच्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई पायरीवर टेकल्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, चपला धुळीने भरलेल्या, चेहरा सकाळीच दमलेला. सासूबाईंच्या सोबतीला आलेल्या असतील असे काकांनी धरले. दोघींच्या गप्पाही छान रंगल्या होत्या.

बदकाचा चालक वायरचे टोक घेऊन आला. “काका, बदक काल दिवसभर चाललंय. जरा लावतो.”

“नाही, तिसरं नाही. ती तुझी वायर दे इकडे.” काकांनी वायर घेतली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून हाक आली की नळाला पाणी नाही. काकांनी इकडे-तिकडे पाहिले आणि वायर पायरीवरच्या बाईंच्या हातात दिली. “बाई, एवढं धरता का? फक्त धरा. लावू नका.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

काका दुसऱ्या मजल्याकडे निघाले, पण तिथे पोचलेच नाहीत. ते जिन्याच्या सातव्या पायरीवर होते तेव्हा वीज गेली.

आधी दिवे गेले. मग लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, सुदैवाने रिकामी. मग आपोआप उघडणारा काचेचा मोठा दरवाजा बंद होता तो बंदच राहिला. त्याच्या आतल्या बाजूला मोठे साहेब हातात पुष्पगुच्छ घेऊन स्वागताला उभे होते. काका मागच्या दाराने बाहेर येऊन पाहतात, तो साहेब काचेपलीकडे तोंड हलवत होते आणि आवाज अजिबात येत नव्हता. मेहुण्याच्या गाडीसारखेच.

आणि मग डिझेलचा जनरेटर सुरू झाला. वीज गेली की त्याने सुरू व्हायचे, असे त्याला शिकवलेले होते. तो बरोबर हिरव्या जागांच्या मागे, भिंतीआड होता आणि त्याचे धुराडे भिंतीच्या या बाजूला बाहेर निघत होते. चार वर्षे तो सुरू करून पाहिला नव्हता, तक्त्यात मात्र दर महिन्याला पाहिला जात होता. त्याने आधी खोकल्यासारखा आवाज केला आणि चार वर्षांचा धूर एकदम सोडला. काळा धूर भिंतीवरून ओघळला आणि सहाही वाहनांवर सारखा पसरला. लॉन्ड्रीवाला चादरींवर आडवा पडला. मेहुणा आपल्या गाडीच्या काचा बाहीने पुसू लागला. बदक, कोणी हात लावला नसताना, गाणे वाजवू लागले. जनरेटरने दिवे आणले, लिफ्ट आणली, पण काचेचा दरवाजा काटकसर म्हणून त्याच्यावर घेतलेलाच नव्हता. साहेब आतून तो गुच्छाने ठोठावत राहिले.

“तिसरं कोणी लावलं?” काकांनी विचारले. ओरडायचे त्राण त्यांच्यात नव्हते.

“मी,” पायरीवरच्या बाई रुमालाने नाक झाकत म्हणाल्या. “तुम्ही धरा म्हणालात, मी धरलं. मग हे बदकवाले लावा म्हणाले, मी लावलं.”

“मी लावू नका म्हटलं होतं ना, बाई.”

“म्हटलं होतंत. पण आलेल्या गाडीला चार्जिंग मिळतं की नाही, ते मला बघायचंच होतं.” त्यांनी पिशवीतून फाइल काढली. “मी तपासनीस. दहाची वेळ होती, पण माझी बस साडेनवालाच पोचली.”

काकांनी फाटकाकडे पाहिले. तिथे रखवालदार गाडीची वाट पाहत सलाम करायच्या तयारीत उभा होता. बसने कोणी तपासायला येईल, असे इथे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

“म्हणजे तुम्ही अर्धा तास...”

“या आजींशी बोलत होते.”

“मी सगळं सांगितलंय हो त्यांना,” सासूबाई आनंदाने म्हणाल्या. “साडेअकरापर्यंत बसायचंय, मग सून घरी सोडणार. आणि त्या मोठ्या गाडीवर सकाळी पानं चिकटवली, तीही दाखवली. उलटी लागलीयत.”

काकांना बसावेसे वाटले. बसायला जागा एकच होती, ती पायरी, आणि तिथे बाई होत्या. बाई जरा सरकल्या. काका त्यांच्या शेजारी बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण इथे तर हातही दाखवायचा नव्हता, नुसती तारीख बदलायची होती.

तेवढ्यात मागच्या दाराने वळसा घालून साहेब आले. गुच्छात आता देठच जास्त होते. बाई कोण हे कळताच त्यांनी देठ पुढे केले. “नमस्कार. थोडी तांत्रिक अडचण. एरवी आमच्याकडे रोज सहापैकी सहा...”

“हे बदक मी मंगळवारी पाहिलं,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या एका इमारतीत. तिथे ते पहिल्या जागेत होतं.”

“हो, बाई,” चालक म्हणाला. “मंगळवारी तिकडेच होतो. तुम्ही पायरीवर होतात, तेव्हाच म्हटलं, पाहिलंय कुठंतरी.”

 जनरेटर तेवढा बोलत होता. बाईंनी फाइल उघडली. त्या चिडलेल्या नव्हत्या. रोज तेच ते पाहून राग संपलेल्या माणसाचा आवाज त्यांना होता.

“माझ्याकडे अशा बावीस इमारती आहेत,” त्या म्हणाल्या. “सगळीकडे हिरवा रंग आहे. रंग छान आहे तुमचा. आता खरं सांगा. इथे कामाला येताना धूर न करता येतं असं एक तरी माणूस आहे का?”

साहेबांनी हिशेबवाल्या बाईंकडे पाहिले. त्यांनी स्कूटरवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नव्हते. साहेबांनी मेहुण्याकडे पाहिले. मेहुणा म्हणाला, “मी इथला नाही, पण या गाडीबद्दल सांगू का?”

“नको,” बाई म्हणाल्या. मग शेजारी वळल्या. “तुम्ही कसे येता, काका?”

“मी?” काका म्हणाले. “मी बसने येतो. दोन बस, मग पंधरा मिनिटं चालत.”

“किती वर्षं?”

“एकोणीस.”

“जातानाही दोन?”

काकांनी एरवी सांगितले नसते. पण गुडघा ठणकत होता, धुराने डोळ्यांत पाणी आले होते आणि आता झाकायचे असे काही उरलेच नव्हते. “जाताना एक थेट आहे. पाच दहाची. रिकामी असते. मी रोज वरून बघतो. आमची सुटी साडेपाचला. अर्ज दिलाय आठ महिन्यांपूर्वी. मी दमलोय हो, बाई. मला पर्यावरणाचं काही कळत नाही. मला एकदा बसून घरी जायचंय.”

बाईंनी हे लिहून घेतले नाही. त्यांनी नुसते साहेबांकडे पाहिले आणि एक पान उलटले.

“अकरावा प्रश्न. सार्वजनिक वाहनाने येणाऱ्यांना कार्यालय काय सवलत देतं? याला पुष्कळ गुण आहेत. हिरव्या जागांचे गेले, ते तुम्ही पाहतच आहात. इथलेही गेले, तर पाटी काढावी लागेल.”

साहेबांची नजर पितळी पाटीकडे गेली. पडत्या फळाची आज्ञा मानून ते लगेच म्हणाले, “सवलत आहे ना. पाचला सोडतो आम्ही.”

“यांना?”

एकाच माणसासाठी नियम केला असे दिसले, तर तो नियम वाटणार नाही, हे साहेबांना उमगले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, धुरामुळे थोडे खोकले आणि म्हणाले, “सगळ्यांना. बसने जाणाऱ्या सगळ्यांना. सूचना लागायचीच होती.”

“लावा,” बाई म्हणाल्या. “आणि दर महिन्याला बसने जाणाऱ्यांचा आकडा पाठवा. तो मात्र मी येऊन मोजणार.” त्या उठल्या, त्यांनी चपलांची धूळ झटकली आणि बस पकडायला निघाल्या.

सूचना सोमवारी लागायची होती, पण साहेबांनी काकांना शुक्रवारीच सोडले. शुक्रवारी पाच दहाला काका त्या बसमध्ये चढले. बस खरोखरच रिकामी होती. डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी ते बसले, त्यांनी पाय लांब केला आणि रोज वरून पाहिलेली ही बस आतून कशी असते ते पाहून घेतले. वाटेत त्यांना झोप लागली. कंडक्टरने घराच्या कोपऱ्यावर उठवले. पावणेसहाला दारात नवरा पाहून बायकोच्या हातातली कपड्याची घडी सुटली.

“अहो, काढून टाकलं की काय?”

“नाही गं,” काका म्हणाले. “मिळालं.” आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाने रडू नये, पण माणसाला मिळतात त्या गोष्टी एवढ्याशाच असतात.

सोमवारी सूचना लागली. सोमवारी संध्याकाळपर्यंत ऑफिसातल्या शेहेचाळीस माणसांपैकी त्रेचाळीस जण बसने जाणारे निघाले. ज्यांच्या घरी दोन-दोन गाड्या होत्या त्यांनाही अचानक धुराची चिंता वाटू लागली. हिशेबवाल्या बाईंनी स्कूटरला आणखी एक प्लॅस्टिक घातले. एकाला दिले की सगळे मागतील, हे साहेब आठ महिने सांगत होते, ते खोटे नव्हते. पण आता त्यांना सूचना मागे घेता येईना, कारण पाटी तिच्यावर लटकली होती. उरले तीन जण: स्वतः साहेब, त्यांचा ड्रायव्हर आणि फाटक सोडता येत नाही म्हणून रखवालदार. त्याने सहाव्या जागेत किटली पुन्हा मांडली.

काकांनी महिनाअखेरीस नवा तक्ता केला. हिरव्या जागांचा वापर, सहापैकी शून्य. बसने जाणारे, शेहेचाळीसपैकी त्रेचाळीस. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांनी पाठवलेला तक्ता तारखेपासून शेवटच्या आकड्यापर्यंत खरा होता. साहेबांनी तो वाचून सही केली.

त्या संध्याकाळी पाचला काका निघाले. पाचला लिफ्ट भरून जाई, गुडघ्यामुळे जिन्याने तीन मजले उतरायला त्यांना सहा मिनिटे लागत, आणि त्रेचाळीसांतल्या बेचाळीस जणांचे गुडघे चांगले होते. काका चढले तेव्हा बस दरवाजापर्यंत भरली होती. डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी हिशेबवाल्या बाई बसल्या होत्या.

“काका, तुमच्यामुळे झालं हो हे सगळं,” त्या मनापासून म्हणाल्या. “किती बरं पडतं.” आणि वाऱ्याकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले.

काकांनी वरचा दांडा धरला आणि सगळा भार डाव्या पायावर घेतला. त्यांना सासूबाईंची चाकाची खुर्ची आठवली. पहिल्या वळणावर कंडक्टर गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला.

“काका, ही बस दहा वर्षं रिकामी नेतोय मी. महिनाभरात तुमच्या ऑफिसला झालं तरी काय?”

“काही नाही,” काका म्हणाले. “आम्ही सुधारलो.”

मग त्यांनी दांड्यावरचा हात बदलला आणि कंडक्टरला पुढे जायला वाट दिली.